दुसरी शीव

परवा आमची जिवली भाकरी थापता थापता मला विचारते, "आये, वेठ म्हंजे काय गो?" शाळेत मास्तरांनी सांगितलं होतं म्हणे, स्वराज्य आलं आणि वेठ गेली. मी तव्यावरची भाकर उलटायची विसरले. जिनं आमच्या माणसांच्या माना मोडल्या ती वेठ माझ्या लेकीला ठाऊकच नाय. बरं वाटायला पाहिजे होतं, आणि वाटलंही, पण आधी रागच आला. मास्तर काय सांगणार वेठ? मास्तरांच्या डोक्यावर कधी सायबाची पेटी होती का?

म्हटलं, बस इथं, मीच सांगते. सायेब दौऱ्यावर आला की त्याची वळकटी, पेटी, कंदील, सगळं गावानं वाहायचं. फुकट. घरटी पाळी ठरलेली. ज्याची पाळी त्यानं हातातलं काम टाकायचं आणि ओझं डोक्यावर घेऊन गावच्या शिवेपर्यंत न्यायचं. शिवेवर पुढल्या गावचा माणूस उभा असायचा, त्याच्या डोक्यावर ते द्यायचं आणि माघारी फिरायचं. तो आला नसेल तर येईपर्यंत ओझं राखत उन्हात बसायचं. घरात कुणी आजारी आहे, भाताची आवणी चाललीय, काय वाटेल ते सांगा, सायेब म्हणायचा, पाळी म्हणजे पाळी.

"ह्या वेठीनं माझं लगीन मोडायला घेतलं होतं," मी जिवलीला म्हटलं, "आणि वेठीनंच ते लावलं." तिचे हात पिठातच थांबले. ओटीवर हे दोरी वळत बसले होते, तेही ऐकत असणार. हे म्हणजे जिवलीचे बाबा. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाय. उखाण्यात एकदा घेतलं ते घेतलं, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

सुरुवात झाली मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत. मिठाच्या सत्याग्रहाला तीन-चार वर्षं झाली असतील. माझे आबा, देवजी त्यांचं नाव, बैल बघायला गेले होते आणि मी नि आई बांगड्या भरायला. बैलबाजाराच्या कडेला एका आंब्याला रंगीत चित्रांचा पट टांगून एक माणूस उभा होता. सावळाराम त्याचं नाव. नगरकडचा, येशूच्या धर्मातला उपदेशक. आवाज गोड, आणि सांगण्याची हातोटी अशी की दलालसुद्धा बैलांचे दात बघायचे सोडून ऐकत उभे राहिले होते. शत्रूवर प्रेम करा म्हणाला, लोकांनी माना डोलावल्या. एका गालावर मारलं तर दुसरा पुढं करा म्हणाला, तरी डोलावल्या, कीर्तनात डोलावतात तशाच. ऐकायला गोड, करायचं कुणाला आहे? मग तो म्हणाला, वेठीला धरणारा तुला एक कोस चल म्हणाला, तर तू आपणहून आणखी एक कोस त्याच्या संगतीनं चाल.

वेठ म्हटल्याबरोबर सगळ्यांचे कान टवकारले. आमच्याकडे देव काय थोडे आहेत? पण कुठल्या देवानं आमच्या वेठीचं नाव काढलं होतं, सांगा. आणि ह्यानं काढलं तर काय सांगितलं, तर दुप्पट करा! लोक हसायला लागले. मलाही चीड आली. मी आईला म्हटलं, ह्याच्या देवाला शेती नसेल गो.

गर्दीत करंजवाडीचा एक पोरगा होता. उंच, मान जाड, पाळीची ओझी वाहून वाहूनच तशी झालेली. तो पुढं झाला आणि त्यानं उपदेशकाला विचारलं, तुमच्या देवानं स्वतः कधी वेठ बघितली होती का? मला वाटलं सावळाराम चिडेल. पण तो खाली बसला, आणि पोरग्यालाही बसवलं. म्हणाला, येशूच्या मुलखात परक्यांचं राज्य होतं, त्यांचे शिपाई रस्त्यात दिसेल त्याला धरून ओझं द्यायचे. मग त्यानं पटावरचं शेवटचं चित्र दाखवलं. येशूला मारायला नेत होते तेव्हा त्याच्याच्यानं क्रुसाचं लाकूड वाहवेना. म्हणून शिपायांनी रानातून घरी चाललेल्या एका माणसाला धरलं आणि ते लाकूड त्याच्या खांद्यावर दिलं. शिमोन नावाचा होता तो.

पोरगा त्या चित्राकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "मंग दुसरा कोस कुणाच्या हुकमानं जायचा?"

सावळारामानं पट गुंडाळायला घेतला. म्हणाला, हुकमानं नाही, प्रेमानं. पोरग्याचं काही समाधान झालं नाय. ह्यात काहीतरी मेख आहे, एवढंच म्हणून तो उठला, आणि उठता उठता माझ्या बाजारच्या टोपलीला त्याचा पाय लागला. टोपली कलंडली. मी त्याला चार शब्द सुनावले. आई मात्र त्याच्याकडे निरखून बघत होती. सोयरीक तिथंच तिच्या मनात ठरली, आबांना महिनाभरानं कळली.

आबांचा स्वभाव म्हणजे सुकलेलं गवत. त्यातून त्यांना एक जुनं दुखणं होतं. माझी मोठी बहीण रंगू, तिच्या लग्नात नवऱ्याकडचं वऱ्हाड मानपानावरून अडून बसलं, वेशीबाहेरच बसून राहिलं, मुहूर्त टळला आणि सगळे तसेच माघारी गेले. माझी बहीण हळद अंगावर घेऊन रात्रभर रडली. वर्षानं तिला चांगलं घर मिळालं, पण आबांच्या मनातून ते गेलं नाय. माझ्या वेळी त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं, गोरजाचा मुहूर्त आहे, सिद्धगडाच्या कड्यावरलं ऊन जायच्या आत नवरा, वऱ्हाड घेऊन, मांडवात पाहिजे. नसला तर मांडवात जो लायक बसलेला असेल त्याला पोरगी देईन.

आणि लायक कोण, तर टोकावड्याचा चांगो. बायको वारलेली, पोरं दोन, घरात भात भरपूर, आणि तंबाखूनं दात काळे. त्याला आबांनी नुसतं पाव्हणा म्हणून बोलावलं होतं. पण पाव्हणा कुणी गुलाबी फेटा बांधून, दाढी करून, सकाळपासून मांडवात येऊन बसतो का? मला चांगो नको होता. मला तो टोपली उलटवणाराच पाहिजे होता, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण रंगूला कळलं होतं.

आता करंजवाडीत काय झालं ते ऐका. मला हे सगळं मागाहून कळलं.

लग्नाच्या सकाळी हळद लागली, मुंडावळ्या बांधायच्या बाकी, आणि पाटलाचा माणूस दारात. सायेब गावात उतरलाय, टोकावड्याला जायचंय, घोड्याचा पाय मुरगळला म्हणून ते मुरबाडलाच ठेवलंय, पट्टेवाला पुढं गेलाय राहायची सोय बघायला, तर ओझ्याला माणूस पाहिजे. पाळी कुणाची, तर नवऱ्याच्या घराची. सासरे दम्यानं वाकलेले. थोरला दीर अनंता भल्या पहाटे बैलगाड्या सजवायला गेलेला. बाकी पुरुष म्हणजे एकटा नवरदेव. गावातला दुसरा कुणी जातो म्हणाला, तर सायेब म्हणाला, एकदा पाळी मोडली की रोज मोडेल. सायेब घाटावरचा होता, नवीनच बदलून आलेला. वाईट होता असं नाय म्हणत मी. पण सगळी माणसं त्याला ओझ्याचे बैल दिसायची, त्याला कुणी वेगळं दाखवलंच नव्हतं.

तर नवरदेवानं ओझं उचललं. अंगाला हळद, एका हातात लिंबू टोचलेला अडकित्ता, आणि डोक्यावर सायबाची पेटी नि वळकटी. सासूबाईंनी, धोंडीबाईंनी, कपाळाला हात लावला. ठरलं असं की त्यानं शिवेवर ओझं द्यावं आणि धावत ओढ्यावर यावं. वऱ्हाड गाडीवाटेनं डोंगराला वळसा घालून ओढ्यावर थांबेल, तिथून सगळे मिळून मांडवात.

शिवेवर म्हसोबाचा दगड आहे. तिथं वाट फुटते, सरळ गेलं की टोकावड्याकडं, उजवीकडं गेलं की आमच्या आंबेकुडीला. पुढल्या गावचा माणूस तिथं यायचा होता. आलाच नाय. ऊन चढलं, सायेब झाडाखाली बसला, नवरदेव पेटीपाशी. दुपार कलायला लागली. ओझं सोडून पळावं, तर सायेब त्याच रात्री घरच्यांना चावडीवर ओढणार. बसून राहावं, तर माझं लगीन चांगोशी. हे मला सांगतात, तेव्हा त्यांना एकदम जत्रेतला आंबा आठवला. दुसरा कोस कुणाच्या हुकमानं?

नवरदेव उठला आणि सायबाला म्हणाला, माझी शीव संपली, पण मी तुमाला आणखी एक शीव पोचवतो, आपणहून. फक्त मला हळद लागलीय, आमच्यात हळदीच्या अंगानं एकट्यानं शीव ओलांडत नाहीत, तर तुमी माझ्या जवळून चाला. सायेब खूष झाला. शहाणा आहेस म्हणाला. कुठल्या वाटेनं नेतोस, हे त्यानं विचारलंच नाय. वेठीला धरणारा माणूस कधी विचारत नाय, त्याला वाटतं सगळ्या वाटा त्याच्याच. नवरदेव उजवीकडं वळला, ओढा लांब पडणार म्हणून पायवाटेनं थेट आमच्याकडं.

अर्ध्या वाटेत सायबाचे बूट चावायला लागले. नवरदेव त्याच्यासाठी दोनदा थांबला, झऱ्याचं पाणी पाजलं, कुठं दगड निसटता आहे ते सांगितलं. आता हा सायेब त्याच्या जबाबदारीचा होता ना. मग गावाजवळ आले तसा ताशाचा आवाज यायला लागला.

"इथं काय आहे?" सायबानं विचारलं.

"लगीन."

"कुणाचं?"

"माजं," नवरदेव म्हणाला.

सायेब जागच्या जागी उभा राहिला. पण पेटी पुढं चालली होती, आणि पेटीत त्याचे कपडे, त्याचे कागद, त्याचं दुसरं पायताण. बिचारा लंगडत मागून आला.

इकडं मी आतल्या दारात पाटावर. समोरच्या झरोक्यातून सिद्धगडाचा कडा दिसत होता आणि त्याच्यावरलं ऊन वर वर चढत चाललं होतं, आता नुसती माथ्याची कडा पिवळी राहिलेली. भट पळीपंचपात्र मांडून बसले होते. चांगोनं फेटा काढून पुन्हा बांधला, तो ताठ बसावा म्हणून. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि आबांकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. तेवढ्यात रंगू धापा टाकत आत आली आणि माझ्या कानाशी लागली, "आला गो. डोक्यावर पेटी हाय."

मला वाटलं, हिला वेड लागलंय. वाकून बघितलं तर खरंच. हळदीनं पिवळा झालेला माणूस, डोक्यावर वळकटी नि पत्र्याची पेटी, आणि त्याच्या मागं उन्हानं तोंड लाल झालेला सायेब. ताशेवाल्यांना काय करावं कळेना. त्यांनी वाजवणं थांबवलं.

माझ्या आईला, कमळाबाईला, तसले प्रश्न पडत नाहीत. वराकडचा माणूस मांडवाच्या दारात आला की त्याचे पाय धुवायचे, ही तिची कामाची बाजू. ती परात नि कोमट पाण्याची घागर घेऊन बसली होतीच. तिनं जावयाचे पाय धुतले, आणि मान वर न करता पुढचे पाय घेतले. त्यात बूट होते. "बूट काढा," ती म्हणाली. सायबानं काढले. टाचांना टरारून फोड आलेले. आईनं जीभ चटचट वाजवली आणि हळद मागवली.

तोवर आबा उठले होते. त्यांनी विचारलं, वऱ्हाड कुठाय? नवरदेवानं सांगितलं, ओढ्यावर वाट बघतंय, मी शिवेवर अडकलो, तसाच आलो. आबांचा चेहरा मी ओळखते. त्यांना तो रंगूच्या लग्नातला दिवस दिसत होता. ते म्हणाले, एकटा नवरा म्हणजे घरातून हाकललेला की पळून आलेला, मला काय ठाऊक? उद्या तुझी माणसं म्हणतील, हे लगीन आमाला मान्य नाय. वराकडचं एक तरी मोठं माणूस उभं पाहिजे. कोण आहे तुझ्याकडचं?

नवरदेवानं परातीत पाय घालून बसलेल्या माणसाकडं बोट केलं. "हे आलेत माज्याबरोबर."

सायबाचा पारा चढला. म्हणाला, "मी ह्याच्याबरोबर नाही. हा माझ्याबरोबर आहे. माझ्या वेठीला आहे हा."

चांगो अर्धा उठलासुद्धा. आणि तेव्हा बाहेरच्या आंब्याखालून आवाज आला. सावळाराम उपदेशक गावोगाव हिंडत त्या दिवशी आमच्याकडं पोचला होता. लग्नाघरी आलेल्याला उपाशी कसं लावायचं, म्हणून आबांनी त्याला ठेवून घेतलं होतं, पण आंब्याखाली, पंगतीबाहेर. तेव्हाची रीत तशी होती आणि त्या दिवशीही ती मोडली नाय. त्याचा मला आज राग येतो, तेव्हा आला नव्हता, तेव्हा माझं चित्त दुसरीकडं होतं.

सावळाराम दारापर्यंत आला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, वेठ कुठपर्यंत असते?"

"शिवेपर्यंत," सायेब म्हणाला. त्याला कायदा पाठ होता.

"शीव तर मागंच राहिली. मग शिवेपासून इथवर कोण कुणाबरोबर आलं?"

सायबानं मान वळवून दाराबाहेर बघितलं. त्याला वाट आठवली असणार. पाणी पाजलं ते आठवलं असणार, आणि जवळून चाला म्हणालेलंही. आई खाली मान घालून त्याच्या टाचांना हळद लावत होती, तिनं काय हात थांबवले नव्हते. सावळाराम तिच्याकडं बघत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, बाई, हेही आमच्या पोथीत आहे, गुरूनं खाली बसून लोकांचे पाय धुतले. आई म्हणाली, असेल, आलेल्याचे पाय धुवायचे यात पोथी कशाला पाहिजे. सायेब हे सगळं ऐकत होता, पाय दुसऱ्याच्या हातात देऊन. अशा वेळी माणसाला ओरडणं जमत नाय.

तो उठून उभा राहिला, अनवाणी. डोक्यावरची टोपी काढून पेटीवर ठेवली आणि आबांना म्हणाला, "मी वराकडचा. आता वेळ घालवू नका, ऊन चाललंय."

अंतरपाटाचं एक टोक आमच्या मामानं धरलं आणि दुसरं सायबानं. पाय दुखत होते म्हणून त्याचं टोक खाली खाली येत होतं, आणि त्या फटीतून मला पलीकडचे डोळे दिसले. ते हसत होते. मीही हसले, नवरीनं हसायचं नसतं तरी. भटांनी मंगलाष्टकं घाईघाईनं म्हटली. कड्यावरलं ऊन गेलं आणि माझ्या डोक्यावर अक्षता पडल्या, दोन्ही एकाच वेळी. तेव्हापासून हे 'हे' झाले.

ओढ्यावर माणूस धाडला, तेव्हा वऱ्हाड आलं ते पंगत बसायच्या वेळी. सासूबाईंनी मांडवात पाऊल टाकलं तर पोरगा लग्न लागलेला, आणि वराकडच्या मानाच्या पाटावर कोण बसलंय, तर ज्यानं सकाळी त्याला दारातून उचलला तोच. त्या जे बोलल्या ते मी इथं सांगत नाय. सायबानं मुकाट्यानं पाट सोडला, आणि त्या त्यावर बसल्या नि मग त्याला पुरणपोळी वाढा म्हणाल्या. चांगो जेवून गेला. फेटा गुंडाळून काखेत घेतला होता. त्याच वर्षी त्याला शहापूरकडची बायको मिळाली, सुखात आहे.

जेवणानंतर ह्यांची आणि सावळारामाची आंब्याखाली चांगली जुंपली. सावळारामाचं म्हणणं, तू दुसरा कोस गेलास तो लगीन गाठायला, आपल्या सोयीनं, येशूला तसं म्हणायचं नव्हतं, दुसऱ्याच्या भल्यासाठी जायचं. हे म्हणाले, त्याचं काय वाईट झालं? पुरणपोळी खाल्ली, पाय शेकले, खाटेवर झोपलाय. सावळाराम हसला, पण त्यानं ते पुरतं मान्य केलं नाय. अजून येतो तो कधीमधी, जुंपतेच त्यांची. आता ओटीवर बसतो, आमच्या शेजारी. मी पण एकदा मध्ये तोंड घातलं. ह्यांना विचारलं, ओझं टाकून पळत का नाय आलात? हे म्हणाले, "पळून आलो असतो तर तुझ्या दारात चोर आला असता. पहिली शीव त्यानं नेलं मला. दुसरीला मी त्याला नेलं." एवढंच. मला तरी ते बरोबर वाटतं, पोथीत काय असेल ते असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायेब निघाला. आणि आंबेकुडीत त्या दिवशी पाळी कुणाची होती? आमचीच. माझ्या आबांची. लग्नाचा थकवा, गुडघा धरलेला, आणि नव्या सोयऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्यांनी पेटी नि वळकटी डोक्यावर घेतली, वर हातात सायबाची छत्री. सायेब बुटांचे बंद बांधत राहिला. मला रडू कोसळलं. मला वाटलं, काल जे झालं ते सगळं नुसतं लग्नातलं नाटक होतं. हे ओझं घ्यायला उठले, तर आबांनी त्यांना बसवलं, हळदीचा जावई आहेस म्हणाले.

संध्याकाळी आबा परत आले ते हसत आले. त्यांना मी तसं हसताना फारसं बघितलेलं नव्हतं. झालं असं की आमच्या शिवेवर पुढल्या गावचा माणूस उभा होता, डोकं बांधून तयार. पण आबांनी ओझं खाली ठेवलंच नाय. तसेच पुढं चालायला लागले. सायेब घाबरला.

"कुठं नेतोस बाबा?" त्यानं विचारलं. "आणखी एक मुलगी आहे का तुझी?"

"नाय सायेब," आबा म्हणाले. "पन तुमी वराकडचे, येही झालात. येह्याला काय शिवेवर सोडून जायचं?"

सायेब पुढं झाला आणि आबांच्या हातातली छत्री त्यानं स्वतःच्या हातात घेतली. पेटी नाय, वळकटी नाय, छत्री. एका दिवसात माणूस किती बदलणार? छत्रीएवढा बदलला. पण आबा सांगायचे, वाटेत ऊन लागलं तेव्हा त्यानं ती उघडली आणि अर्धी आबांच्या डोक्यावर धरली. म्हणजे ओझ्यावर.

जिवलीच्या हातावरचं पीठ वाळून गेलं होतं. मी तव्यावरची करपलेली भाकर काढली आणि दुसरी टाकली. ती म्हणाली, त्या सायबाचं नाव काय होतं?

म्हटलं, सावळारामाला मी एकदा तेच विचारलं होतं. येशूचं लाकूड ज्याच्या खांद्यावर दिलं त्याचं नाव तुमच्या पोथीत आहे, पण ज्या शिपायानं त्याला धरलं त्याचं नाव काय? त्यानं पोथी उघडून शोधलं, मग मिटली. शिपायाचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाय म्हणाला.

"तर सायबाचं इचारू नको," मी लेकीला म्हटलं. "ज्यानं ओझं वायलं त्याचं ध्यानात ठेव. कान्हा."

ओटीवर कुणीतरी खाकरलं, आणि दोरी वळायचा आवाज थांबला.